शिशाचं बूच

कमालवाडीच्या साखर फॅक्टरीचा बॉयलर दरसाल दसऱ्याला पेटतो. जोडप्याच्या हातनं पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात आणि हंगाम लागला असं धरतात. यंदा नव्या चेअरमननी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पेटवायचं मनावर घेतलं. फॅक्टरीच्या मागच्या अंगाला बाभळीत चाळीस वर्षं उभं असलेलं वाफेचं इंजिन.

त्या इंजिनाला अख्खं गाव 'अमेरिकन' म्हणतं. त्याच्या अंगावर पितळेची गोल पाटी आहे आणि तिच्यावर फिलाडेल्फिया, १९१७ असं कोरलेलं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलातनं तोफगोळे वाहायला अशी शेकडो इंजिनं अमेरिकेत घडवली होती. युद्ध संपलं तशी ती मिळेल त्या भावानं विकली गेली. त्यातलं एक गोऱ्या साहेबांच्या कंपनीनं बोटीनं मुंबईला आणि तिथनं प्रवरेच्या काठाला आणलं. दोन फुटी रुळांवर चौदा मैलांच्या शिवारातला ऊस त्यानं साठ वर्षं ओढला. मग ट्रक आले, ट्रॅक्टर आले. रूळ उखडून लोकांनी गोठ्यांना तुळया घातल्या. इंजिन तेवढं राहिलं, कारण ते उचलून न्यायचा खटाटोप कुणाला झेपला नाही.

त्या इंजिनावर शेवटचा हात शमशेरभाईंचा. पंधराव्या वर्षी इंजिन पुसणाऱ्या पोराच्या जागी लागले, मग फायरमन झाले, मग ड्रायव्हर. आता वय त्र्याहत्तर. गुडघे गेलेले, उजवा कान बहिरा, पण बोटांना अजून वाफेची समज होती. चहाच्या भांड्याचं झाकण हलायला लागलं की न बघता ते म्हणत, "अगं, उतरव, आलं." आणि त्यांची बायको चांदबी म्हणे, "इंजान न्हाई त्ये, चहा हाय."

दसऱ्याच्या महिनाभर आधी सुश्रुत साहेब त्यांच्या दारात आले. हे फॅक्टरीचे माणसं नेमणारे साहेब, पुण्याचे, वयानं पस्तिशीचे, बोलायला गोड. गाव शमशेरना शमशेरभाई म्हणतं. साहेबांनी आल्या आल्या 'चाचा' केलं. मोबाईल पुढं धरून त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. झाडीतनं वाकणं घेत एक छोटं इंजिन चाललेलं, मागं लाल डब्यांत बसलेली गोरी पोरं हात हलवतायत.

"चेअरमन साहेबांची मुलगी, लीना मॅडम, तिकडे पेनसिल्व्हेनियात असते. तिथे पूर्वी गावागावांच्या लहान लहान रेल्वे कंपन्या होत्या. कोळसा, लाकूड, दूध वाहायच्या. हायवे झाले आणि बंद पडल्या. पण लोकांनी इंजिनं जपली. आता रविवारी तिकीट लावून फिरवतात. साहेब स्वतः बसून आले. मॅडम दसऱ्याला येतायत, त्यांना आपल्या इंजिनात बसवायचं. शंभर मीटर चाललं तरी पुरे."

"चालंल," शमशेरभाई म्हणाले. "चालवाया काय. पर आमच्या तौफिकचं बगा."

तौफिक त्यांचा एकुलता एक. नागापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं वेल्डिंग करायचा. रोज पहाटे जीपनं निघून अंधार पडता घरी. श्रावणात ठेकेदारानं चौदा जणांना एका दिवसात घरी पाठवलं, त्यात हा. तेव्हापासून तो खाटेवर पडून मोबाईल बघायचा आणि त्याची बायको अरफा दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला जायची. वर आणखी एक. ही माणसं राहत होती ती फॅक्टरीची जुनी लाईन चाळ; ती पाडायची ठरली होती. ज्या घरात फॅक्टरीचा कामगार असेल त्यालाच नवी खोली.

"इंजिन चाललं तर तौफिक बॉयलर हाऊसला कायम," साहेब म्हणाले. "माझा शब्द."

साहेब गेल्यावर चांदबी पदरात तोंड घालून रडली. नोकरी अजून लागायची होती, पण तिला तेवढंच पुरलं.

कामाला लागले बापलेक. तिसरा पुंजाराम, लाईनीचा जुना गँगमन, शमशेरभाईंच्याच वयाचा. त्यानं गावात फिरून गोठ्यांतले, विहिरींवरचे रूळ जमा केले आणि शंभर मीटर लाईन अंथरली. लोकांनी रूळ दिले, पण फुकट टोमणेही दिले. "पुंजानाना, आता अमेरिकेला जाताय काय गाडीनं?"

बाभळी तोडल्या. चिमणीतनं साळुंक्यांची घरटी निघाली, राखेच्या पेटीतनं एक जिवंत घोणस. बॉयलरच्या ट्युबा एकेक करून घासल्या. शमशेरभाई खाली गोणपाटावर बसून सांगायचे आणि तौफिक करायचा. बापाला कामाला हात लावल्याशिवाय राहवायचं नाही. उठायचे, गुडघा धरून पुन्हा बसायचे. तौफिकच्या पाठीवर गंजाचा आणि घामाचा लाल चिखल व्हायचा. दुपारी अरफा डबा घेऊन यायची, तर नवऱ्याला ओळखायला तिला घटकाभर लागायचं.

त्याला काम येत होतं. हात चांगला, डोळा चांगला. फक्त घाई. नागापूरला नगावर काम केलेला माणूस. एक झालं की दुसरं. शमशेरभाईंना ती घाई खटकायची आणि पोराला हे खटकणं खटकायचं.

"अब्बा, रोज साहेब फोटो काडाया येतो. त्याला काय दाखवू? तुमी निसतं घासा म्हन्ता."

"घासल्याबिगर वाफ धरत न्हाई."

सगळ्यात नाजूक जागा भट्टीच्या छताला होती. भट्टीचं छत म्हणजे बॉयलरचा तळ; खाली आग, वर पाणी. त्या छतात एक पितळी बूच असतं आणि बुचाच्या मधोमध शिसं ओतलेलं असतं. पाणी वर आहे तोवर शिसं घट्ट. पाणी उतरलं, छत उघडं पडलं, की शिसं वितळतं, वाफ फुसकन भट्टीत उतरते आणि आग विझवते. इंजिन बंद पडतं, माणसं वाचतात. बूच नसेल तर छत लाल होऊन बसतं आणि मग बॉयलर जागेवर राहत नाही, जवळची माणसंही राहत नाहीत.

पण बूच गळणं ही फायरमनच्या जातीला लागणारी गोष्ट. पाण्यावर ध्यान नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या काळी ज्याचं शिसं गळलं त्याला दुसऱ्या दिवशी ऊस तोलायच्या काट्यावर पाठवायचे आणि मरेपर्यंत त्याला 'शिसेवाला' म्हणायचे. शमशेरभाईंचं अठरा वर्षांत एकदाही गळलं नव्हतं. हे त्यांनी तौफिकला इतक्या वेळा सांगितलं होतं की तो ते ऐकायचा बंद झाला होता.

भट्टीचं तोंड टोपलीएवढं. शमशेरभाईंना आत शिरता येईना. खांदा गेला तर गुडघा अडायचा. तौफिक शिरला. जुनं बूच काढलं, नवं शिसं ओतलं, बसवलं. पाणी भरून दाब दिला तर आट्यांतनं गळती. आटे शंभर वर्षांचे, कुजलेले. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा गळती. असं पाच दिवस चाललं. नवे आटे पाडायचे तर नगरहून माणूस आणावा लागणार होता, आणि साहेब दारात उभे राहून म्हणत होते, "तौफिक, आठवडा राहिलाय. होणार आहे ना? नाहीतर आत्ताच सांग. मला वर उत्तर द्यावं लागतं."

सहाव्या दिवशी तौफिक आतनं बाहेर आला. तोंडभर काजळी.

"बसलं, अब्बा. टिपूस न्हाई."

"शिसं नीट ओतलंय?"

"व्हय."

"हातुडी मारून बगितलं?"

"बगितलं म्हन्तो ना."

शमशेरभाईंना काम शिकवणाऱ्या उस्तादांचा एक नियम होता. पुसणाऱ्यानं बघायचं, मग फायरमननं बघायचं, मग आग ज्याच्या हातनं लागणार त्यानं स्वतः आत मुंडी घालून बघायचं. शमशेरभाईंनी भट्टीच्या तोंडाशी बसून आत बॅटरी मारली. छत दिसत नव्हतं. आडवं व्हायला गेले, तर गुडघ्यातनं कळ आली. तौफिक बाजूला उभा राहून चेहरा पुसत होता. बाप उठला आणि म्हणाला, "चल, झालं मग."

दसऱ्याला पहाटेच भट्टीत लाकूड पडलं, मग दगडी कोळसा. आठाला दाबाचा काटा हलला. साडेनऊला चाळीस पौंड. चिमणीतनं काळा धूर निघाला आणि शाळेतली पोरं पळत आली. म्हातारी माणसंही आली. शमशेरभाईंनी शिट्टीची दोरी ओढली. पहिली खर्र करून पाणी ओकली आणि दुसरी लांब वाजली. पुंजाराम तिथंच रुळावर बसला, डोकं हलवत राहिला. "आरं, शमशेर," एवढंच म्हणाला.

चांदबी आणि अरफा मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. चांदबीनं ईदची साडी नेसली होती. शमशेरभाईंना नवा निळा डगला मिळाला होता आणि तौफिकला तसाच. लाईनीच्या दोन्ही अंगांना हिरवा गालिचा अंथरला होता. इंजिनामागं उसाच्या वॅगनला झेंडूच्या माळा लावून लीना मॅडमसाठी खुर्च्या टाकल्या होत्या.

अकराला मॅडम यायच्या होत्या. अकराला बॉयलर हाऊसची पूजा चालू झाली. मग भाषणं. मग सत्कार. स्पीकरवर एकेक नाव पुकारलं जायचं, टाळ्या व्हायच्या, आणखी एक नाव यायचं. इकडं शमशेरभाई आग दाबून धरत होते. पण सेफ्टी वॉल्व्ह जुना, सारखा फुसफुसायचा. वाफ जात होती, म्हणजे पाणी जात होतं. टाकीला भोकं, म्हणून शेजारी पाण्याचा टँकर उभा केला होता. पावणेबाराला एकानं येऊन तो टँकर हलवला. रस्त्यावर धूळ फार उडते, मॅडमच्या गाड्या यायच्या आहेत, दोन फेऱ्या मारून आणतो म्हणाला.

"आरं, इंजानाला पानी लागतंय," शमशेरभाई ओरडले.

"पाच मिनिटं, चाचा."

साडेबारा वाजले. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी तळाच्या नटापाशी येऊन थरथरायला लागलं. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या इंजेक्टरनं टाकीतलं शेवटचं पाणी ओढलं आणि हवा ओढून कोरडा खाकरला. शमशेरभाईंनी तौफिकला साहेबांकडं पाठवलं. तो परत आला. साहेब फोनवर होते, हातानंच थांब म्हणाले. पुन्हा पाठवलं. साहेब म्हणाले, "मॅडम निघाल्यात तिकडून. आता जर बंद केलंत तर मी काही बोलणार नाही, पण मग मीही काही करू शकणार नाही."

शमशेरभाईंनी काचेकडं पाहिलं. पाणी दिसेनासं झालं होतं. इंजिनाभोवती पन्नासेक पोरं, चाकांवर हात ठेवून फोटो काढत. त्यांनी मनाशी हिशेब केला. फार तर शिसं गळेल. अठरा वर्षं जपलेली अब्रू जाईल, तीही साऱ्या गावासमोर. पण मरणार कुणी नाही. आणि गळायच्या आत मॅडम आल्या तर पोराचं काम होईल. त्यांनी अब्रू पणाला लावली. तौफिककडं वळून म्हणाले, "थांबू. गळलं तर गळू दे शिसं."

तौफिकनं आधी पोरांकडं पाहिलं, मग काचेकडं.

"अब्बा," तो बापाच्या चांगल्या कानाशी वाकला. "तिथं शिसं न्हाई."

"काय?"

"बूच बसतच नव्हतं. म्या भोक वेल्डिंगनं बंद केलं. वरनं काळं लावलं. शंभर मीटरच जायाचं हुतं, अब्बा."

शमशेरभाईंनी त्याच्या थोबाडीत मारली नाही. तेवढा वेळ नव्हता.

"पळा! समदी पळा रं हितनं! लांब व्हा!" त्यांचा आवाज स्पीकरच्या वर गेला. पुंजारामला आवाज कळला. तो काठी उगारून पोरांच्या अंगावर धावला. शमशेरभाईंनी लांब आकडा घेऊन भट्टीत घातला आणि पेटलेला कोळसा ओढून बाहेर टाकायला लागले. एक ओढ, दोन ओढी, दहा. लाल निखारे रुळांवर, तिथनं गालिच्यावर. गालिचा भडकला. डगल्याची बाही पेटली तरी त्यांचे हात थांबेनात. आतला शेवटचा निखारा निघाला तसा तौफिकनं त्यांना कमरेला धरून मागं खेचलं आणि बाहीवर माती टाकली. काटा हळूहळू खाली यायला लागला.

त्याच वेळी गाड्या आल्या.

लीना मॅडमनी नाकाला रुमाल लावला. जळक्या गालिच्याचा वास सगळीकडं भरला होता. कुणीतरी पाठीमागं फिसकन हसलं, मग पुष्कळजण हसले. सुश्रुत साहेब घामाघूम होऊन आले.

"चाचा, दहा मिनिटं! दहा मिनिटं तुम्हाला थांबता आलं नाही? काय झालं?"

शमशेरभाईंनी तोंड उघडलं. करपलेला हात छातीशी धरला होता. त्यांनी तौफिककडं पाहिलं. सांग, असं म्हणायचं होतं त्यांना. खरं काय झालं ते त्यानंच सांगावं. शिक्षा होऊ दे, नोकरी जाऊ दे, आपण आहोत की.

तौफिक मातीकडं बघत म्हणाला, "साहेब, अब्बांचं वय झालंय. काचेतलं पानी त्यांना दिसंना. मी मगाधरनं सांगत हुतो. मग घाबरले."

पुंजाराम पुढं आला, शमशेरभाईंच्या तोंडाकडं बघत राहिला. "शमशेर, पानी सुटलं तुज्याकडनं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, लाज होती. ती ऐकून शमशेरभाईंना हातापेक्षा जास्त भाजलं.

"व्हय," ते म्हणाले. "सुटलं."

चेअरमन साहेबांनी तौफिकच्या खांद्यावर हात ठेवला. बापाला आगीतनं ओढून काढलेलं सगळ्यांनी मोबाईलवर टिपलं होतं. पोरगा हुशार आहे, वेळेला भान ठेवलं, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मग इंजिनाला पुढनं ट्रॅक्टर जोडला. थंड पडत चाललेलं अमेरिकन त्या ट्रॅक्टरच्या मागं घरंगळत शंभर मीटर गेलं आणि लीना मॅडमनी झेंडूच्या माळांतनं हात हलवला. फोटो चांगले आले म्हणतात.

चार दिवसांनी साहेबांनी शमशेरभाईंना ऑफिसात बोलावलं. कागद टाईप करून तयार होता. बॉयलरची सरकारी परवानगी काढलेली नव्हती, आता विचारणा आली तर कागद असावा. पाण्याच्या पातळीकडे माझे दुर्लक्ष झाले, झाल्या प्रकाराला मी स्वतः जबाबदार आहे, असा मजकूर. साहेबांनी तो वाचून दाखवला, आवाज खाली ठेवून.

"फक्त फॉर्मॅलिटी, चाचा. तुम्हाला कुणी काही करणार नाही. तौफिकच्या नोकरीची ऑर्डर यावरच निघेल."

हातावर पट्टी होती, पेन धरवत नव्हतं. शमशेरभाईंनी कागद पुन्हा स्वतः वाचला. तो खोटा आहे असं त्यांना छातीठोक म्हणता येईना. आग त्यांच्याच हातनं लागली होती, आणि आत मुंडी घालून त्यांनी बघितलं नव्हतं. गुडघा दुखला म्हणून सोडलं. पोरानं वेल्डिंग मारलं हे खरं, पण पोरावर सोडलं कुणी? त्यांनी डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.

शमशेरभाई घरी आले तर तौफिक दारातच उभा होता. ऑर्डर त्याच्या मोबाईलवर आधीच आली होती. अरफानं शिरा केला होता. कामं उरकून ती आणि चांदबी नवी खोली बघायला गेल्या, खिडकी कुणीकडं आहे ते बघायला. घरात दोघंच राहिले.

"अब्बा, चुकलं माजं. त्या येळंला दुसरं काय सुचलं न्हाई."

शमशेरभाईंनी पट्टीची सुटलेली गाठ आत खोचली.

"माज्यावर घातलंस त्ये सोड. बाप हाय, घातलंस. पर तिथं फॅक्टरीत बॉयलरभवती पाळीला दीडशे मानूस असतंय. त्यात अरफाचा भाऊ हाय, पुंजारामची सून हाय. उद्या कायतरी बसंना आन साहेब दारात उभा ऱ्हायला, तर काय करशील?"

तौफिकनं पायात चपला सरकवल्या. म्हणाला, "तिथं समदं मशीनवर असतंय, अब्बा," आणि बाहेर गेला.

एक तारखेला तो कामाला लागला. महिन्याभरात चाळ पाडली आणि सगळे नव्या खोलीत आले. खोली चांगली होती, फॅक्टरीच्या कंपाउंडाला लागूनच. चहाच्या टपरीवर शमशेरभाई आता जात नव्हते. तिथं एकदा कुणीतरी 'शिसेवाले, या' म्हणालं होतं. पुंजाराम दोनदा येऊन गेला, पण इंजिनाचं काही बोलला नाही. पाऊसपाण्याचं बोलला.

हंगाम जोरात चालू झाला. एके दिवशी दुपारी चांदबी निवडायला तांदूळ घेऊन बसली होती, शमशेरभाई खाटेवर होते. पलीकडं फॅक्टरीतनं एकदम मोठ्यानं वाफ सुटली. फुस्स करून आवाज झाला आणि वाढतच गेला. खिडकीच्या काचा हलल्या. शमशेरभाई ताडकन उठले. गुडघा विसरून दारापर्यंत गेले आणि चौकट धरून तिकडं बघत उभे राहिले.

"अवो, बसा खाली," चांदबी म्हणाली. "कशाला भ्यायचं? आपला तौफिक हाय तिथं."

शमशेरभाईंनी चौकट सोडली नाही.

"व्हय," ते म्हणाले. "त्योच हाय."